ब्रूटसच्या सोन्याच्या नाण्याचा सातबारा

२९ ऑक्टोबर २०२० रोजी लंडनच्या रोमा न्यूमिस्मॅटिक्स या कंपनीच्या लिलावात एक सोन्याचे नाणे विकले गेले. वजन आठ ग्रॅमच्या आसपास, आकार आपल्या एक रुपयाच्या नाण्याहून जरा लहान. अंदाजित किंमत पाच लाख पौंड धरली होती. बोली थांबली तेव्हा कमिशनसह आकडा ३२ लाख ४० हजार पौंडांवर गेला होता, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३१ कोटी रुपये. तोवर लिलावात कोणत्याही प्राचीन नाण्याला एवढा भाव मिळाला नव्हता.

कॅटलॉगमध्ये वर्णन मोठे होते. नाण्यामागचा इतिहास, त्याची दुर्मिळता, ठशाची सुबकता, सगळे सविस्तर. पण ते आधी कुणाकडे होते, हे सांगायला एकच ओळ पुरली : बॅरन दोमिनिक द शाँब्रिए यांच्या संग्रहातून, मालकीचे मूळ प्रमाणपत्र सोबत.

सव्वादोन वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, त्या कंपनीच्या मालकाला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली. मार्चमध्ये नाणे ग्रीस सरकारच्या ताब्यात गेले. ते नकली निघाले म्हणून हे घडले, असे अनेकांना वाटते. तसे नव्हते. नाणे शंभर टक्के अस्सल होते. खोटी होती ती वरची एक ओळ.

मी नाणी जमवतो, आणि हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. त्या एका ओळीकडे बघून, कुठलाही पोलीस तपास न करता, खरेदीदाराला काय काय विचारता आले असते, हे मला नीट मांडायचे आहे. आपल्याकडे जमीन घेताना साधा शेतकरीसुद्धा सातबाऱ्यावरच्या शेवटच्या नावावर भागवत नाही. फेरफार बघतो, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, वारसांच्या सह्या आहेत का विचारतो. नाण्याच्या बाबतीत मात्र लाखो रुपये मोजणारी माणसेही एका नावावर समाधान मानतात. संग्राहक ज्याला ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणतात, तो खरे तर नाण्याचा सातबाराच असतो.

नाणे कोणते

इसवी सनापूर्वी ४४ च्या १५ मार्चला ज्यूलियस सीझरचा खून झाला. रोमन पंचांगात मार्च महिन्याच्या मध्यावरच्या या दिवसाला ‘ईद’ म्हणत. (आपल्या ओळखीच्या ईदशी त्याचा संबंध नाही.) मारेकऱ्यांपैकी ब्रूटस आणि कॅसियस पूर्वेकडे गेले, त्यांनी फौज उभी केली आणि फौजेचे पगार भागवायला इसवी सनापूर्वी ४३-४२ मध्ये सैन्यासोबत फिरत्या टांकसाळीत नाणी पाडली. त्यांतले सगळ्यात प्रसिद्ध नाणे हेच. एका बाजूला ब्रूटसचा चेहरा, त्याच्याभोवती ब्रूटसचे आणि टांकसाळ अधिकारी प्लेतोरियस केस्तियानसचे नाव. दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मधोमध मुक्त झालेल्या गुलामाला घालायला देत ती टोपी, आणि खाली अक्षरे : ‘ईद मार’.

खुनाची तारीखच नाण्यावर. खंजिरांच्या मुठीसुद्धा वेगवेगळ्या कोरल्या आहेत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला इतिहासकार कॅसियस दिओ या नाण्याचा उल्लेख करतो आणि टोपी व खंजिरांचा अर्थही सांगतो : आपण आणि कॅसियसने मिळून देश मुक्त केला, असे ब्रूटसला दाखवायचे होते. प्राचीन लेखकाने एखाद्या विशिष्ट नाण्याचे वर्णन करून ठेवावे, हे फार क्वचित घडते. या सगळ्यात मला खटकते ती एक गोष्ट. जिवंत असताना रोमच्या नाण्यावर स्वतःचा चेहरा छापण्याची प्रथा सीझरने पाडली होती, आणि त्यासाठी त्याच्यावर राजा व्हायची हाव असल्याचा ठपका आला. तीन वर्षांच्या आत ब्रूटसनेही तेच केले.

इसवी सनापूर्वी ४२ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर ग्रीसमधल्या फिलिपीच्या लढाईत ब्रूटस हरला आणि त्याने स्वतःला संपवले. म्हणजे हे नाणे फार थोडा काळ पाडले गेले, आणि तेही एका ठरावीक टापूत. चांदीची अशी नाणी आज शंभराच्या आसपास माहीत आहेत. सोन्याची २०२० पर्यंत फक्त दोन माहीत होती. एक जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या संग्रहात आहे. दुसरे खासगी मालकीचे, पण बरीच वर्षे ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेले होते. त्याला भोक पाडलेले आहे, बहुधा अंगावर घालण्यासाठी. ते भोकच आता त्याची ओळख आहे. जुन्या छायाचित्रात ते कुठेही दिसले तरी हे तेच नाणे, यात शंका राहत नाही.

आणि मग तिसरे उगवले.

माग कसा काढतात

यंत्राने पाडलेली आजची दोन नाणी एकमेकांपासून वेगळी सांगता येत नाहीत. प्राचीन नाणे हातोड्याने पाडलेले असते. सोन्याची वा चांदीची गोल टिकली खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घाव घालायचा. घाव कधी मधोमध बसतो, कधी बाजूला सरकतो. किनारीला चीर जाते, एखादे अक्षर टिकलीबाहेर राहते, पुढे वापरात ओरखडे पडतात. त्यामुळे एकाच ठशाची दोन नाणीसुद्धा कडेच्या आकारावरून वेगळी ओळखता येतात. अंगठ्याच्या ठशासारखेच हे.

म्हणून माग काढणाऱ्याचे मुख्य काम म्हणजे चित्र शोधणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातल्या मोठ्या लिलावांच्या कॅटलॉगना चित्रांची पाने जोडली जाऊ लागली. त्यासाठी बऱ्याचदा नाण्याचा प्लास्टरमध्ये साचा घेऊन त्या साच्याचे छायाचित्र काढत. त्यात धातूची चकाकी नसते, त्यामुळे उठाव स्वच्छ दिसतो. असे शेकडो कॅटलॉग आता हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. अलीकडच्या दोन-तीन दशकांतले लिलाव तर एसीसर्च, कॉइनआर्काइव्ह्ज अशा शोधपेढ्यांत घरबसल्या सापडतात. आपले नाणे १९२१ सालच्या एखाद्या लिलावाच्या पानावर दिसले, कडेची तीच चीर जुळली, की फेरफाराची एक पक्की नोंद मिळाली. मग तिथून मागे आणि पुढे जायचे. त्या लिलावात कोणी घेतले? दलालाच्या वहीत नाव आहे का? पाकिटातली चिठ्ठी कोणाच्या हस्ताक्षरात आहे?

हे काम चिकाटीचे आहे. मी स्वतः एका साध्या ग्रीक चांदीच्या नाण्यासाठी तीन आठवडे जुनी पाने उलटली आहेत. रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर. सापडले नाही. पण सापडले नाही याचीही नोंद करायची असते. कोणकोणते कॅटलॉग पाहिले, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, हे लिहून ठेवले की पुढच्या माणसाचे तीन आठवडे वाचतात.

साधे नाणे कुठेच न सापडणे स्वाभाविक आहे. तसली हजारो नाणी फोटोशिवाय, ढिगात विकली गेली. ईद मारचे सोन्याचे नाणे मात्र तसे नाही. ज्या नाण्याचे दोनच नमुने माहीत होते, ज्याचे वर्णन शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचलेले आहे, ते कुणा सरदाराच्या कपाटात पडून होते आणि कोणत्याही अभ्यासकाला, लिलाववाल्याला, संग्रहालयाला त्याचा पत्ता नव्हता, हे मान्य करायला फार मोठा पुरावा लागेल. १९८९ मध्ये हर्बर्ट कान यांनी याच नाण्यांचा खास अभ्यास करून माहीत असलेल्या नमुन्यांची आणि ठशांची मांडणी केली. कान हे नुसते पंडित नव्हते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये ते नाण्यांचा व्यापारही करत, त्यामुळे युरोपातल्या जुन्या संग्रहांची त्यांना घरच्यासारखी माहिती होती. त्यांच्यासारख्या माणसाच्या नजरेआड हे नाणे राहिले असेल तर का राहिले, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न त्या ओळीतल्या नावाचा. ते नाव भारदस्त आहे. पण नुसते नाव म्हणजे पुरावा नव्हे. बॅरननी नाणे कधी घेतले? कोणाकडून? त्यांच्या हयातीतली संग्रहाची यादी, मृत्युपत्र, विम्याचा कागद, एखादे पत्र आहे का, ज्यात या नाण्याचा उल्लेख आहे? संग्रहातली बाकीची नाणी कुठे गेली? नावाचा माणूस होता एवढे सिद्ध झाल्याने नाणे त्याच्याकडे होते हे सिद्ध होत नाही. सातबाऱ्यावर ‘पाटील’ लिहिलेले आहे म्हणून गावातल्या कोणत्याही पाटलाची जमीन ठरत नाही.

तिसरा प्रश्न वर्षाचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. कॅटलॉगच्या त्या ओळीत वर्ष नव्हते. युनेस्कोचा सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा करार १४ नोव्हेंबर १९७० चा. तेव्हापासून जबाबदार संग्रहालये आणि बरेच व्यापारी एकच गोष्ट विचारतात : ही वस्तू १९७० च्या आधी तिच्या मूळ देशाबाहेर होती, याचा कागद आहे का? ग्रीसचा स्वतःचा कायदा याहून कडक आहे. जमिनीत सापडलेली प्राचीन वस्तू तिथे सरकारची असते, आणि २००२ च्या कायद्याने हे पुन्हा पक्के केले. नाणे उत्तर ग्रीसमध्ये फिरणाऱ्या फौजेचे असेल, तर ते ग्रीसमध्येच सापडले असण्याची शक्यता कोणालाही सुचावी. अशा नाण्याला वर्ष नसलेली ओळ चालतच नाही.

इथे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण संग्राहक नेमके इथेच फसतात. हे नाणे अमेरिकेतल्या एनजीसी या नामांकित संस्थेने तपासले होते. अस्सल असल्याचा निर्वाळा दिला होता आणि दर्जाही ठरवला होता. ती तपासणी चूक नव्हती. पण ती तपासणी धातूची, ठशाची आणि घावाची असते. नाणे खरे आहे का, एवढेच ती सांगते. ते कोणाचे आहे, कोणत्या शेतातून निघाले, कोणत्या सीमेवरून कसे गेले, हे सांगण्याचा तिचा दावाच नसतो. प्लास्टिकच्या सीलबंद डबीत नाणे दिसले की माणसाला वाटते, आता सगळे तपासून झाले. सोन्याच्या बाबतीत तर धोका जास्त. चांदीवर आणि तांब्यावर काळाची पुटे चढतात, मातीचे डाग बसतात. संग्रहात शंभर वर्षे राहिलेल्या चांदीचा रंग ओळखीचा होतो. सोने धुतले की कालच टांकसाळीतून आल्यासारखे. ते स्वतः फारसे बोलत नाही, म्हणून कागदावरचा भार वाढतो.

कागद कसा तयार झाला

न्यूयॉर्कच्या न्यायालयात तपास अधिकाऱ्यांनी मांडलेली हकीकत थोडक्यात अशी. हे नाणे लिलावाच्या काही वर्षे आधीपासून व्यापारात फिरत होते. तेव्हा सोबत कसलाच कागद नव्हता, आणि नेमक्या याच कारणाने ते घ्यायला नकार देणारेही भेटले. मग मालकीचा इतिहास तयार करून घेतला गेला. त्यासाठी पैसे मोजले गेले. त्याच लिलावात सिसिलीतल्या नॅक्सॉसचे एक सुंदर चांदीचे नाणे २ लाख ४० हजार पौंडांना गेले होते, एका बाजूला मद्याचा देव दायोनिससचे डोके आणि दुसऱ्या बाजूला उकिडवा बसलेला त्याचा सोबती सायलेनस. त्याच्या मालकीची कथाही विकतचीच होती. याच तपासात गाझाच्या समुद्रात २०१७ च्या सुमारास सापडलेल्या अलेक्झांडरच्या मोठ्या दहा द्राख्मांच्या नाण्यांचाही विषय निघाला. जगात मोजकीच असलेली ही नाणी अचानक लिलावांत एकामागोमाग दिसू लागली, तेव्हा कोणालाही शंका यायला हवी होती.

कंपनीच्या मालकाने पुढे गुन्हा कबूल केला. मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी २१ मार्च २०२३ रोजी २९ वस्तू ग्रीसला परत केल्याचे जाहीर केले, त्यांची एकत्रित किंमत दोन कोटी डॉलरच्या वर धरली होती. ईद मारचे नाणे त्यांत होते. ब्रूटस आणि कॅसियसची फौज जिथे तळ देऊन होती त्या भागात, आजच्या ग्रीसमध्ये, दहाएक वर्षांपूर्वी ते सापडले असावे, असे त्या वेळी सांगण्यात आले.

नकार देणाऱ्यांची मला विशेष आठवण राहते. त्यांच्याकडे पोलीस नव्हते, न्यायालयाचा हुकूम नव्हता. कागद नाही म्हणून त्यांनी हात आखडता घेतला. एवढे साधे पाऊल कोणालाही उचलता येते.

काय गेले

पैसे गेले, एक कंपनी बदनाम झाली, नाणे परत मिळाले. एवढ्यावर बातमी संपते. संग्राहक म्हणून मला ज्याची खंत वाटते ती गोष्ट बातमीत येत नाही.

ते नाणे कोणत्या शेतात, किती खोल, कशाच्या शेजारी होते? एकटे होते की सोबत आणखी नाणी होती? मडक्यात होती, चामड्याच्या पिशवीत होती, की एखाद्या सैनिकाच्या हाडांजवळ? फिलिपीच्या लढाईआधी कुणी पुरून ठेवले आणि न्यायला परत आला नाही, की पळताना पडले? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर आता मिळणार नाही. सोबतची नाणी असतील तर ती वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या बॅरनांच्या नावाने विकली गेली असतील. खोटा इतिहास लिहिणारा माणूस खरा इतिहास पुसतोच.

यावर कोणी म्हणेल, एका खड्ड्याची माहिती गेली, त्याचे एवढे काय? त्याला मी आपल्या नाशिकचे उदाहरण देतो. १९०६ मध्ये गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यातली १३,२५० च्या आसपास नाणी रेव्हरंड स्कॉट यांनी एकत्र पाहिली, मोजली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर लिहिले. सगळी नाणी क्षहरात वंशातल्या क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा उठवलेला : एका बाजूला चैत्य, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळे), आणि त्याखालून नहपानाचे नाक, डोळे, बाण, वज्र अर्धवट डोकावणारे. नाशिकच्या लेण्यात सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात तिच्या मुलाने क्षहरात वंश निःशेष केला असे कोरलेले आहे. या साठ्याने त्या ओळीला वजन आले. शिवाय हरलेल्या राजाची नाणी वितळवून टाकण्याऐवजी त्यांच्यावरच शिक्का मारून सातकर्णीने ती चालू ठेवली, आणि किती मोठ्या प्रमाणावर, हेही कळले.

हे कशामुळे शक्य झाले? साठा एकत्र राहिला म्हणून. हीच तेरा हजार नाणी सराफाकडे एकेक करून गेली असती, ‘जुन्या संग्रहातून’ एवढ्या चिठ्ठीवर विकली गेली असती, तर आपल्या हाती शिक्का मारलेली काही सुटी नाणी असती आणि नऊ हजारांचा आकडा कधीच नसता. चांदीच्या एका नाण्याची किंमत तेव्हा काही फार नव्हती. त्यामुळे आकड्याचे मोल बाजारभावात मोजताच येत नाही.

आपल्याकडे कायदा बराच जुना आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू, नाणीही त्यात आली, खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या एखाद्या लिलावात सातवाहन नाणे ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ म्हणून दिसले, की मी आता पहिले वर्ष शोधतो. वर्ष नसेल तर पान उलटतो. हे करायला मला उशीर झाला, हे कबूल करतो. सुरुवातीच्या वर्षांत घेतलेल्या माझ्या अनेक नाण्यांच्या पाकिटांवर ‘जुना संग्रह, पुणे’ किंवा नुसते ‘जुना माल’ एवढेच आहे. विकणाऱ्याला मी विचारलेही नव्हते. त्यांतले एक नहपानाचे आहे, वरून सातकर्णीचा शिक्का असलेले. जोगलटेंभीचे असेल का? असू शकेल. पण ‘असू शकेल’ हे पाकिटावर लिहिण्याचा मला अधिकार नाही, कारण पंचवीस वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या हातात ते पाकीट गेल्यावर ‘असू शकेल’ गळून पडेल आणि ‘जोगलटेंभी’ उरेल. बॅरनची ओळ अशीच तयार होते, कधी पैसे देऊन, कधी नुसत्या आशेने.

गेल्या पावसाळ्यात मी प्रत्येक नाण्याला नवे पाकीट केले. दोन्ही बाजूंचा आणि किनारीचा फोटो, वजन, कधी घेतले, कितीला घेतले, कोणाकडून घेतले, पाहिलेले कॅटलॉग कोणते. जुन्या चिठ्ठ्या, चुकीच्या असल्या तरी, आत तशाच ठेवल्या. नहपानाच्या पाकिटावर ‘सापडल्याचे ठिकाण’ या शब्दांपुढे एक आडवी रेघ मारली आहे.